खूर कोरडाय

बंधाऱ्याचे बरगे काढायचं काम माझं. तेवीस वर्षं.
कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर फूट-इंचाची पट्टी आहे,
टीव्हीवाले तिथनं बोलतात.
भोगावतीकाठी आमच्या गावाला
राजपुत्र होता.

म्हणजे एक दगड. छातीएवढा.
म्हशी पाण्याला उतरतात त्या वाटेशी रुतलेला.
खालच्या चौकटीत घोड्यावर एक पोरगा,
त्याच्या हातात अर्धी तलवार.
मधल्या चौकटीत दोन बायका त्याला काखेत धरून वर नेतात,
जत्रेत दमलेलं लेकरू न्यावं तसं.
त्याच्यावर तो पिंडीपुढं मांडी घालून बसलेला,
आणि अगदी टोकाला चंद्र, सूर्य.

नाव होतं म्हणे खाली कोरलेलं.
कुणाकुणाच्या आज्ज्यांनी त्यावर विळे पाजळले,
थोडं थोडं ते उसात गेलं.
पन्हाळ्याहून आलेला, राजाचा धाकटा,
मिसरूड फुटायच्या आत या उतारावर पडला,
एवढ्यावर गावाचं एकमत.
कुणाशी लढला, ते प्रत्येक कट्ट्यावर वेगळं.

पण पुराची भाषा सगळ्यांची एक :
खुराला लागलं, म्हशी सोडा.
पोराच्या मांडीला आलं, पोती माळ्यावर.
बायका भिजल्या, म्हातारी माणसं शाळेत.
चंद्र-सूर्य बुडलेले मी दोनदा पाहिले.
त्याला शब्द नव्हता.

मग तरुण मंडळाला वाटलं,
आपला राजपुत्र शेणाचिखलात बरा दिसत नाही.
खरंच होतं ते. मीही वर्गणी दिली, पाचशे एक.
उद्यमनगरातनं स्टीलचं रेलिंग आलं,
काळा ग्रॅनाइट, नऊ पायऱ्या, हॅलोजन.
क्रेननं उचलला तेव्हा
मातीत त्याच्या मापाचा खड्डा राहिला,
खड्ड्यात एक खेकडा, उजेडानं बावरलेला.
पाटीवर नाव पाहिजे म्हणून हात वर करून
एक नाव ठरवलं. सोनेरी अक्षरं.
चांगलंय नाव.
हलगी, फेटे. जिलेबी संपली तरी रांग होती.

त्या ऑगस्टात राधानगरीचे दरवाजे उघडले.
रात्री दोनला मी वरच्या वाटेवरनं बॅटरी मारली.
सत्याप्पाचा फोन आला, 'काय करायचं?'
म्हटलं, 'झोप. खूर कोरडाय.'

कोरडाच होता.
नऊ पायऱ्यांवर, उजेडात, पाय उचललेला घोडा,
आणि खाली काळ्या पाण्यात
एक एक पायरी न बोलता जात होती.
पायऱ्या मोजायची आम्हाला सवय नव्हती.
पहाटे आक्काताई भोपळेंच्या गोठ्यात
गाभण म्हैस दाव्यालाच होती.
दाव्याची गाठ भिजून अशी आवळलेली
की विळ्यानं कापावी लागली. नंतर.

मला कुणी बोललं नाही.
आठ दिवस मी त्या वाटेनं गेलो नाही.
नवव्या दिवशी बरग्यांवर नंबर टाकायचा लाल रंग उरला होता,
तो डबा घेऊन गेलो.
मंडळाचा अध्यक्ष, सत्याप्पाचाच पोरगा, धावत आला :
'मामा, ग्रॅनाइट हाय, डाग पडंल.'
'पडू दे.'
पण खूर नेमका कुठं होता?
मला वाटे पहिल्या पायरीशी, त्याला वाटे खाली.
खड्डा तर काँक्रीटनं भरलेला.

आक्काताई धुण्याची बादली घेऊन खाली आली.
कुणी बोलावलं नव्हतं.
चौथऱ्याला टेकून उभी राहिली,
लुगडं जरा वर खोचलं.
'धुणं पिळताना घोड्याचा पाय
माझ्या गुडघ्याला लागायचा. हितं.'

पोरानं पाण्याची बाटली आडवी धरली,
बुडबुडा मधोमध आणायला बघत होता,
बुडबुडा ठरत नव्हता.
मी ब्रश ओढला. रेघ वाकडी आली.
आक्काताईनं परत गुडघा लावून बघितला,
गुडघ्याला लाल लागलं.

'हितंच,' म्हणाली.
'आता मंडळाला म्हणावं, म्हैस घ्या.'